नवमीचं पान

“सवाष्ण म्हणून हिलाच न्यायची? एवढ्या मद्रासात दुसरी कुणी गावली न्हाई व्हय?” देविकाच्या सासूने शेपू निवडता निवडता विचारलं.

बाळकृष्ण मद्रासबाहेर गुम्मिडिपूंडीतल्या त्या खोलीच्या दारातच उभा होता. हातात टी. नगरच्या दुकानाची पिशवी होती, पिशवीत साडी.

“हेमलताची लाडकी होती ही,” तो म्हणाला. “आज अविधवा नवमी. ती अहेव गेली, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायला हवी. तुम्हीपण चला की वैनी.”

“मी कशाला त्यात? मी आपली अशी.” सासूने मोकळ्या कपाळावरून हात फिरवला. “जा गं. पन दिवस मावळायच्या आत माघारी ये.”

ती येणार नाही हे माहीत असूनच त्याने विचारलं होतं. विचारल्यावर मात्र त्याला बरं वाटलं नाही.

देविकाला खरं तर सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. उन्हाळ्यात कारखान्यांजवळ बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, त्यात तिच्या गर्भाशयाच्या तोंडावर पांढरा डाग दिसला होता. कॅन्सर नव्हता, पण तसाच सोडला तर पुढे होऊ शकला असता. पुन्हा नीट तपासून वेळेवर उपचार करायला हवा होता. दवाखान्याचे फोन तिच्या नवऱ्याच्या, अनिकेतच्या मोबाइलवर जायचे. तो लोखंडाच्या कारखान्यात, मशीनच्या आवाजात. तमिळ त्याला कळत नसे. “सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, एवढंच म्हणून तो फोन ठेवायचा. तिकडे नर्सला वाटायचं, येणार आहेत. अशा तारखा गेल्या.

त्याची बायको हेमलता असती तर हे झालं नसतं. कामासाठी आलेल्या मराठी घरांतल्या बायकांना ती वर्षानुवर्षं दवाखान्यात नेत असे, तमिळचं मराठी करून सांगत असे. तिची एक रीत होती. घरच्यांना सांगायचं, टी. नगरला साडी बघायला जातोय. बायकांच्या असल्या तपासणीचं नाव काढलं की घरात दहा प्रश्न, साडीला एकही नाही. येताना खरंच टी. नगरला जाऊन निदान ब्लाउजपीस घ्यायचं, म्हणजे हातात पिशवी दिसते.

मागच्या वर्षी श्रावणात ती हार्टने गेली. तेव्हापासून चित्रा, दवाखान्यातली नर्स, मराठी पेशंट अडला की बाळकृष्णाला फोन करायची. तो फोनवरच भाषांतर करून द्यायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, असले शब्द आयुष्यात तोंडातून काढले नव्हते. तरी काढायचा.

चित्राकडून कळल्यावर त्याने देविकाला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “काका, मला यायचंय. ह्यांची पण ना नाही, पण सुट्टी मिळत नाही. सासूबाईंना काय सांगू?”

एक म्हातारा परक्याच्या सुनेला साडी बघायला कसा नेणार? मग पितृपंधरवडा लागला आणि त्याला नवमी सुचली.

लोकलमध्ये देविका खिडकीशी बसली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ऊन चढलं. बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. बाळकृष्ण भिंतीला टेकून उभा राहिला. देविकाच्या पुढे दोघी उरल्या असताना ती उठायला गेली आणि मटकन खाली बसली.

चित्रा धावत आली. नाडी बघितली, पापणी ओढून बघितली आणि बाळकृष्णाकडे वळून तमिळमध्ये कडाडली, “सार, हिने काय खाल्लंय?”

त्याने देविकाला विचारलं.

“काही नाही,” देविका म्हणाली. “सवाष्णीनं आधी खायचं नसतं ना.”

“अगं, पण ते घरी सांगायला!”

“काकूंचं नाव घेतलंत ना तुम्ही?”



“उपाशी पोटी मी हिला टेबलावर घेणार नाही,” चित्रा म्हणाली. “डॉक्टर जेवणाच्या सुट्टीपर्यंतच आहेत. आत्ता खायला घाला, नाहीतर नवीन तारीख.”

नवीन तारीख म्हणजे नवीन निमित्त. दुसरी नवमी कुठून आणायची?

“देविका, दोन घास खा.”

“इथं? असंच?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग काकूंना कसं पोचणार? मी उपाशीच जाते आत. मला काही होत नाही.”

 बाळकृष्ण कँटीनकडे निघाला. तिथे भात आणि दही वेगवेगळं मिळालं. त्याने एक केळीचं पान मागून घेतलं.

जिन्याखाली जरा मोकळी जागा होती. तिथे त्याने वर्तमानपत्र अंथरलं, देविकाला बसवलं, पान मांडलं आणि हाताने भात कालवून वाढला. आधी एक घास पानाच्या तुकड्यावर काढून कठड्यावर ठेवला. त्याने चित्राला सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, बाहेर गेली आणि आवारातल्या पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळातून चिमूटभर कुंकू घेऊन आली. देविकाच्या कपाळाला लावलं. बाळकृष्णाने दिलेली साडी तिच्या ओटीत घातली.

“आता तरी खा म्हणावं,” ती म्हणाली. “पेशंटची ओटी भरायची ड्यूटी मला कोणी लावली नव्हती.”

देविका हसली. एक घास खाल्ला आणि म्हणाली, “काका, मीठ नाही ह्यात.”

तो मीठ आणायला पुन्हा कँटीनला गेला. परत येईपर्यंत कठड्यावरचा घास दवाखान्यातल्या मांजरीने खाल्ला होता. हेमलताला मांजरी मुळीच आवडत नसत.

देविका आत गेल्यावर तो साडीची पिशवी सांभाळत बाकावर बसला. शेजारची बाई म्हणाली, मुलगी वाटतं? त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिने ठरवलं असेल.

चित्रा बाहेर आली तेव्हा हातमोजे काढत होती. “झालं, सार. डाग छोटाच होता, डॉक्टरांनी शेक देऊन जाळून टाकला. काही दिवस अंगावरून पाणी जाईल, घाबरू नको म्हणावं. जड उचलायचं नाही. आणि वर्षानं परत आणायचं.”

दिवस मावळायच्या आत तो तिला घेऊन गुम्मिडिपूंडीला पोचला. सासूने आधी साडीचा पदर चिमटीत धरून बघितला, मग सुनेकडे.

“चेहरा का उतरलाय गं? जेवलीस का नीट? काय काय केलं हुतं?”

“दहीभात,” देविकाच्या तोंडून निघून गेलं.

“दहीभात? नवमीला? पुरण न्हाई, वडं न्हाई?”

देविका पिशवीची घडी घालू लागली.

“हेमलताला तोच आवडायचा,” बाळकृष्ण म्हणाला.

सासूने पदर सोडला. “मग बरुबर हाय. जिचं तिला आवडंल ते.”

“आज हिला जड काही उचलू देऊ नका, वैनी. ऊन लागलंय. आणि पुढच्या वर्षीपण हिलाच पाठवा.”

“पाठवीन की.”

परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली. गाडी सुटली. जरा वेळाने त्याच्या लक्षात आलं की सासूला सांगितलं ते खोटं नव्हतं. शेवटच्या उन्हाळ्यात हेमलता रोज संध्याकाळी दहीभाताशिवाय काही खात नसे, आणि तो बाळकृष्णच कालवून द्यायचा. मीठ तो तेव्हाही विसरायचा.