फुकटची केबिन

सुट्ट्या सुरू होतात त्या शनिवारी कॅन्यनच्या मुलुखात जागा न ठरवता जाणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरा शोधायला निघणं. मी आर्विनला हे घरून निघतानाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "नेल्डा, तिकडे माणसांपेक्षा दगड जास्त आहेत. दोन म्हाताऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळेल की."

नाही मिळाली. पहिल्या कॅम्पग्राउंडच्या फाटकावरच 'जागा नाही'ची पाटी होती. दुसऱ्यात एकेका झाडाखाली दोन-दोन तंबू आणि संडासापुढे रांग. तिसरी म्हणजे गुरांची एक रँच होती. फोनवरच्या फोटोत ओढ्याकाठची लाकडी केबिन होती, प्रत्यक्षात मालाचा लोखंडी डबा निघाला, त्याला एक खिडकी कापलेली. तोही दुसऱ्या कुणीतरी घेतलेला. मग फोनची रेंजच गेली.

आर्विन मात्र खुशीत होता. सारा जन्म धान्याच्या कोठारावर धूळ खाल्लेला माणूस. त्याला त्या कड्यांमध्ये राहणारा एक बारका पक्षी ऐकायचा होता. त्याची शीळ म्हणे जिना उतरल्यासारखी वरून खाली येते. तेवढ्यासाठी आम्ही नेब्रास्काहून आमचा पांढरा पिकअप हाकत आलो होतो. हा पिकअप आर्विननं रस्तेखात्याच्या लिलावात घेतलेला. दारावरचं सरकारी चिन्ह खरवडून काढलं होतं, पण त्याची गोल खूण काही केल्या जात नव्हती.

दुपारी एका वस्तीवर पेट्रोल घ्यायला थांबलो. दुकान, पोस्ट, हॉटेल सगळं एकाच छपराखाली. गल्ल्यावर ओपल नावाची जाडजूड बाई होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती 'सोन्या' म्हणत होती.

"केबिन? आज?" ती हसली. "सोन्या, आज तर गोठेसुद्धा भाड्यानं गेलेत."

मग तिची नजर माझ्या खांद्यावरून बाहेर गेली. गाडीवर. हसू थांबलं.

"ती तुमची?"

"हो."

"थांब जरा." ती आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलली. परत आली तेव्हा पुन्हा 'सोन्या' सुरू. "डेल्मर चॅडविककडे जा. जुनिपरच्या रानातून कच्चा रस्ता आहे, दुसऱ्या फाटकापाशी तो उभा असेल."

"केबिन रिकामी आहे?"

"तुमच्यासाठी आहे," ओपल म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आर्विन, 'तुमच्यासाठी आहे' म्हणजे काय?"

"म्हणजे आपल्यासाठी आहे."

डेल्मर खरोखरच फाटकापाशी उभा होता. सत्तरीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट, जुनी पण पुसलेली हॅट. त्यानं आधी गाडीभोवती एक फेरी मारली, दारावरच्या गोल खुणेवर बोट फिरवलं आणि मग आमच्याशी हात मिळवला. केबिन चांगली होती. ओंडक्यांची, दगडी धुराड्याची, बाहेर पडवी, समोर खोल दरी आणि पलीकडे तांबडा कडा. अशी जागा मिळायला लोक वर्षभर आधीपासून धडपडतात.

"भाडं किती?" मी विचारलं.

"भाडं कसलं बाई? रिकामीच तर पडली होती. दोन दिवस राहा, चार दिवस राहा."

"असं फुकट कसं राहायचं?"

"राहायचं. माणसं असली की घराला बरं असतं." मग आर्विनकडे वळून म्हणाला, "गाडी मात्र अशी आडवी लावा. दार रस्त्याकडे. इथे उतार आहे, हँडब्रेकचा भरवसा नको."

मी खाली पाहिलं. अंगण तव्यासारखं सपाट होतं.

मी बरीच वर्षं शाळेची बस चालवली आहे. मागच्या आरशात जो मुलगा सगळ्यात शहाण्यासारखा बसतो, त्याच्या खिशात बेडूक असतो. डेल्मर तसा बसलेला मुलगा होता. आर्विनला हे सांगितलं, तर तो बीन्सचा डबा उघडत म्हणाला, "तुला कुणी फूल दिलं तरी तू त्याच्या मुळाशी साप शोधशील." झोपताना मी दाराला खुर्ची लावली. तो पांघरुणात हसत होता, ते मला कळत होतं.

रविवारी सकाळी डेल्मर गरम बिस्किटं घेऊन आला. सोबत आर्विनसाठी एक टोपी. खाकीत हिरवट झाक, पुढे कडक झापड.

"उन्हाची घाला. आणि तो पक्षी ऐकायचा असेल तर झऱ्यावर जाऊन बसा. ही घळ धरून खाली गेलात की कॉटनवूडची झाडं लागतील. दुर्बीण आहे ना? ती गळ्यातच ठेवा. दिसेल अशी."

"कुणाला दिसेल अशी?" मी विचारलं.

"पक्ष्यांना," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. आर्विनही हसला. मी नाही हसले.

आर्विन झऱ्यावर गेला. मी दूध आणायला ओपलच्या दुकानाकडे चालत निघाले. असल्या मुलुखात समोरून गाडी आली की चालवणारा ओळख असो नसो, हात वर करतो. त्या दिवशी एकानंही केला नाही. एक जण मला पाहून खिडकीची काच वर करून गेला. दुकानात दोन माणसं कॉफी पीत गुरांच्या भावाबद्दल बोलत होती, मी शिरताच दोघं कपात बघायला लागली. एक जण हळूच म्हणाला, "बायकोला घेऊन आलाय या वेळी." दुसरा म्हणाला, "तेवढंच बरं दिसतं."

ओपलनं दूध दिलं. "तिकडे सगळं ठीक ना, सोन्या?" तिचा आवाज फार गोड होता.

संध्याकाळी डेल्मर पुन्हा आला. पक्ष्याचं एका वाक्यात विचारलं आणि लगेच म्हणाला, "झऱ्यावर कुणाची गुरं दिसली का हो? डाव्या पुठ्ठ्यावर दोन गोल कड्यांचा छाप डागलेली?"

"दिसली थोडी," आर्विन म्हणाला. "पाणी पीत होती बिचारी."

"बिचारी!" डेल्मरचा जबडा आवळला. मग त्यानं तो सैल सोडला. "उद्याही जाऊन बसा. सकाळी पक्षी जास्त बोलतात."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आर्विन, हा तुला कामाला लावतोय."

"कसल्या कामाला? मी दगडावर बसून सँडविच खातो."

"तेच तर. तू दगडावर बसून सँडविच खावंस यासाठी तो केबिन फुकट का देतोय?"

त्याला उत्तर शोधायचंच नव्हतं. त्यानं पक्षी ऐकला होता. शीळ कशी उतरत आली, शेवटी कशी घोगरी झाली, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. इतका आनंदी मी त्याला फार दिवसांत पाहिला नव्हता. म्हणून विषय सोडला.

सोमवारी आर्विन खाली गेल्यावर मी पडवीत भांडी पुसत होते. घोड्यावरून एक बाई आली. साठीच्या आसपासची, सुकी, पुरुषी हॅट, हातात चामडी मोजे. ती उतरली नाही. वरूनच बोलली.

"तुझे साहेब कुठायत?"

"साहेब? माझा नवरा झऱ्यावर गेलाय."

"बघितलंय मी. काल पण बसले होते. दुर्बीण लावून माझी गुरं मोजतात. मोजा म्हणावं! पण वरची साखळी मोजलीत का? ती नाही दिसत दुर्बिणीतून?"

"कसली साखळी? बाई, तुम्ही कोण?"

"कोण म्हणे! बर्निस टटल. माझ्या नावाचा कागद तुमच्या कुरणखात्याच्या कचेरीत पडलेला असेलच. डेल्मरनं तक्रारीवर तक्रार केली आणि अखेर तुम्ही आलात. आलात ते आलात, त्याच्याच केबिनमध्ये उतरलात! त्याचीच बिस्किटं खाताय! लाज नाही वाटत?"

मी पुसत होते ती बशी खाली ठेवली. आडवी लावलेली गाडी, गोल खूण, टोपी, दुर्बीण, दुकानातली ती दोघं. सगळं एकदम जागेवर बसलं.

"बर्निसबाई, आम्ही कुरणखात्याचे नाही. आम्ही नेब्रास्काचे. माझा नवरा पाखरं बघतो."

ती घोडा वळवून गाडीच्या मागे गेली, नंबराची पाटी बघितली आणि परत आली.

"नेब्रास्काची पाटी लावून आलात म्हणजे आम्हाला कळणार नाही होय?"

"अहो, खरंच सांगते."

"कचेरीतले पण खरंच सांगतात."

"मग मला ती साखळी दाखवा," मी म्हटलं.

ती घोड्यावर पुढे आणि मी मागे, अशा आम्ही घळीतून उतरलो. झरा खडकाच्या भेगेतून येत होता. खाली सिमेंटचा हौद, आणि हौदाच्या वर पाइपाचे दोन फाटे. एक डेल्मरच्या कुरणाकडे, एक कुंपणापलीकडे बर्निसच्या. तिच्या पाइपच्या कॉकला नवी कोरी साखळी गुंडाळून कुलूप घातलं होतं. पलीकडचा तिचा हौद कोरडा, तळाला शेवाळाचे पापुद्रे. कुंपणाची तार एका ठिकाणी खाली दाबलेली होती, गुरं तिथूनच इकडे येत होती.

आर्विन दगडावरून उठला. "नेल्डा, काय झालं?"

मी सांगितलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवून बघितली आणि कुंपणाच्या खांबावर ठेवून दिली. मला डेल्मरचा खरा राग आला तो तेव्हा.

आम्ही तडक वर गेलो. डेल्मर त्याच्या घराजवळ खोगीर पुसत होता.

"आम्हाला बुजगावणं करून उभं केलंत," मी म्हटलं. "विचारलंही नाहीत."

"बाई, मी कुणाला म्हटलं का तुम्ही सरकारी आहात म्हणून? एका शब्दानं म्हटलं? मी तर काही बोललोच नाही."

"टोपी कुणी दिली?"

"ऊन होतं."

"आणि ती साखळी?"

आता त्यानं फडकं खाली टाकलं. "तो पाइप माझ्या बापानं टाकला. बर्निसच्या नवऱ्यानं तोंडी मागितला, बापानं तोंडी दिला. नवरा गेला, बाप गेला. आता ती गुरं दुप्पट करणार आणि माझी तहानलेली राहणार? मी कचेरीला कळवून कळवून थकलो. शेवटी म्हटलं, खरा येत नाही तर खोटा तरी दिसू दे. दोन दिवस तिनं रात्रीची तार दाबायची थांबवली का नाही?"

"नाही थांबवली," आर्विन म्हणाला. तिथे पोचल्यापासूनचं त्याचं पहिलं वाक्य. "आज सकाळीही गुरं आली होती. मी तुम्हाला सांगणार नव्हतो."

डेल्मरनं फडकं उचललं. मग म्हणाला, "राहायचं तर राहा. मी हाकलत नाही."

आम्ही सामान भरलं. सुट्टी अजून संपली नव्हती आणि कॅम्पग्राउंडं तशीच भरलेली. कुंपणापलीकडून बर्निसनं आवाज दिला, "माझ्या माळावर गाडी लावा. पण घराच्या समोर, मला दिसेल अशी." त्या रात्री आम्ही पिकअपच्या मागच्या हौद्यात झोपलो. सकाळी ती कॉफी घेऊन आली, कप गाडीच्या मागच्या फळीवर ठेवले आणि स्वतः चार हात लांब उभी राहिली. आर्विनला विचारलं, "पूर्वी कुठल्या खात्यात होतात म्हणालात?" तो म्हणाला, धान्याच्या कोठारावर. थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या शब्दांत तेच विचारलं. मी गुरांबद्दल विचारलं, खरंच दुप्पट केली का म्हणून. ती म्हणाली, "कोण म्हणतं?" आणि कप उचलून घरात गेली. तिच्या गोठ्यामागे मला बरीच वासरं दिसली होती, एवढंच.

मंगळवारी जाताना गावातली कुरणखात्याची कचेरी उघडी दिसली. आर्विन म्हणाला, "नको नेल्डा. आपलं काय जातं?" पण तो कोरडा हौद माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि ती वासरंही. मी गाडी थांबवायला लावली.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता, दाढी नीट कोरलेली. मी झऱ्याचं नाव घेताच त्यानं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कुणी पाठवलं? डेल्मरनं की बर्निसनं?"

"कुणीच नाही. आम्ही केबिन शोधत आलो होतो."

"मागच्या महिन्यात एक पाळकबाबा आले, त्यांना डेल्मरनं पाठवलं होतं. त्याआधी बर्निसची भाची आली, ती पण म्हणाली कुणी नाही पाठवलं." तो मागे रेलला. "झरा दोघांच्याही बापाचा नाही. सरकारी जमिनीवर आहे. पाणी निम्मं-निम्मं, तसं दोघांनाही कळवलंय."

"मग एकाच्या पाइपाला साखळी कशी?"

"साखळी?"

"नवी आहे. कुलूप लावलेलं."

तो सरळ बसला. "हे मला कुणीच सांगितलं नाही. बर्निसनंही नाही."

"ती सांगेल कशी? तुमचीच माणसं डेल्मरच्या केबिनमध्ये उतरलीत असं तिला वाटतंय."

त्याला काही कळलं नाही, आणि मलाही पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं नव्हतं. त्यानं भिंतीवरून किल्ल्या काढल्या, कपाटातून लोखंड कापायची मोठी कात्री घेतली. दारापाशी थबकून पुन्हा माझ्याकडे वळला.

"नक्की कुणीच पाठवलं नाही?"

"नक्की."

"बरं," तो म्हणाला. त्याला पटलेलं नव्हतं. तरी तो गेला, आणि कात्री घेऊनच गेला.