उजवा स्पीकर

अल्ताफने स्पीकर बसवलेला प्लायवूडचा दुसरा डबा डॅशबोर्डखालच्या उजव्या कोपऱ्यात सरकवला, कोपराने दाबून धरला आणि स्क्रू पिळायला सुरुवात केली. त्याचं डोकं फियाटच्या आत होतं, पाय नाना पेठेच्या फुटपाथवर. जाणारे येणारे त्या पायांना वळसा घालून चालले होते.

"पत्र्याला भोक नको," रंगराव म्हणाले. सकाळपासून हे चौथ्यांदा.

"काका, भोकच पाडायचं असतं तर मी दहालाच मोकळा झालो असतो," अल्ताफ आतूनच म्हणाला.

शर्मिला पायलला कडेवर घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला उभी होती. साडेतीन वर्षांची पोर कडेवर घ्यायच्या वयाची राहिली नव्हती, पण समोर रस्ता होता आणि रस्त्यावर तीनचाकी टेम्पो होते. ती गाडीकडे कमी आणि सासऱ्यांकडे, रंगरावांकडे, जास्त बघत होती.

चौसष्ट सालची फियाट. पुढची दारं उलटी उघडणारी. टेलिफोन खात्यातले एक साहेब निवृत्त होऊन नागपूरला गेले, तेव्हा रंगरावांनी त्यांच्याकडून ती घेतली. येरवड्याच्या त्यांच्या कॉलनीतली ती पहिली गाडी. पंचवीस वर्षांत त्यांनी तिच्यात साधा रेडिओ बसवू दिला नव्हता. गाडी चालवताना इंजिन ऐकायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मुलाने, प्रज्ञेशने, कॉलेजात असताना खूप हट्ट केला होता, तोही वाया गेला. आता प्रज्ञेश कंपनीच्या कामासाठी वर्षभर न्यू जर्सीत होता, आणि त्याच्या मुलीने एकदाच "आबा, गाडीत गाणी नाहीत?" असं विचारल्यावर टेप आणि दोन स्पीकर यायचे ठरले होते.

ठरण्याला कारणही होतं. सोमवारपासून शर्मिला पुन्हा कामावर जाणार होती. साडेतीन वर्षांनी. खराडीच्या नव्या इमारतीत तिच्या नावाचं ओळखपत्रसुद्धा तयार होऊन आलं होतं. पायलला नगर रस्त्यापलीकडच्या बालवाडीत आबा सोडणार, आबाच आणणार. सगळं नीट बसलं होतं.

फक्त गेल्या रविवारचं तिच्या मनातून जात नव्हतं. चौकात उजवीकडून एक टेम्पो हॉर्न दाबून धरत आला होता, आणि बाबा वळतच राहिले होते. टेम्पोवाला थांबला म्हणून निभावलं. ती मागे पायलला धरून बसली होती. घरी आल्यावर तिने विचारलं, तर रंगराव म्हणाले, दिसला होता मला, लोकांना हॉर्न फुकट मिळालाय म्हणून वाजवतात. तिने कान दाखवून घेऊ या का असं अगदी जपून सुचवलं. त्यावर त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला, डाव्या हाताने डाव्या कानाला लावला आणि डायल टोन स्वच्छ असल्याचं जाहीर केलं. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी असाच रिसीव्हर धरला होता, कारण उजव्या हातात तक्रार लिहायची पेन्सिल असायची. नुसत्या खरखरीवरून लाइन कुठल्या खांबाजवळ खराब आहे ते सांगायचे, असं खात्यातले लोक अजून सांगत. अशा माणसाला पुन्हा काय विचारणार?

अल्ताफ बाहेर आला, कपडे झटकले. डबे खरोखरच सुरेख बसले होते. पायांजवळच्या दोन कोपऱ्यांत एकेक, वर काळं कापड ताणलेलं. गाडी जन्मापासून तशीच असावी असं वाटत होतं. रंगराव वाकले, डब्यामागे बोटं घालून पत्रा चाचपला आणि "भोक नाही," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

आता अल्ताफची पद्धत अशी होती की काम झालं हे तो स्वतः कधी म्हणायचा नाही. गाडीच्या मालकाने आपल्या जागेवर बसायचं, काचा वर, डोळे मिटायचे आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का ते सांगायचं. त्यासाठी त्याच्याकडे तबल्याची एक कॅसेट होती. गाण्यात माणूस रमतो, तबल्यात रमत नाही, असं तो म्हणायचा.

रंगराव स्टिअरिंगमागे बसले, डोळे मिटले. अल्ताफ डाव्या सीटवर बसला आणि टेप सुरू केला. शर्मिला पायलला घेऊन मागे बसली. छोट्याशा गाडीत तबला असा भरला की पायलने दोन्ही हात सीटवर आपटायला सुरुवात केली.

"डावा छान आहे," रंगराव म्हणाले. "उजवा लागलेला नाही."

अल्ताफने डाव्या-उजव्याचा तोल साधायचं बटण थोडं उजवीकडे फिरवलं.

"नाही."

त्याने अजून फिरवलं, मग पार शेवटपर्यंत. शर्मिलाला आवाज आता स्पष्टच उजव्या कोपऱ्यातून येत होता. तिला वाटलं, पुढे बसल्यावर वेगळं ऐकू येत असेल. अल्ताफने मान वाकडी करून काकांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग खाली वाकून डाव्या डब्यामागची वायर सोडवली आणि हातात धरून बसला.

"आता कसं, काका?"

रंगरावांनी नीट ऐकून घेतलं. घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"डावा एकदम स्वच्छ," ते म्हणाले. "उजवा मुकाच आहे अजून. तुझी वायर तुटली असेल."

अल्ताफने मागे वळून शर्मिलाकडे पाहिलं. ती त्याच्या हातातल्या वायरकडे बघत होती.

"हां, लूज असेल," तो हळूच म्हणाला. "राहू द्या काका, मी नंतर बघतो."

त्याने सुटकेची वाट करून दिली होती. गप्प राहिलं असतं तर सगळे घरी गेले असते, सोमवार आला असता, आणि आठ वाजता गाडी नगर रस्त्यावर लागली असती. शर्मिलाने पायलचे हात आपल्या हातांत धरले.

"वायर तुटलेली नाही, बाबा," पुढे वाकून ती मोठ्याने म्हणाली. "उजवाच चालू आहे. डावा बंद आहे."

रंगरावांनी डोळे उघडले. अल्ताफच्या बोटांतली सुटी वायर पाहिली, ती जिथून निघाली होती तो डबा पाहिला. वायरींबद्दल त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी डावा तळहात उचलला आणि डाव्या कानावर घट्ट ठेवला. तबला चालूच होता. उजव्या डब्यावरचं काळं कापड थरथरत होतं. त्यांनी हात काढला, थांबले, पुन्हा ठेवला. लाइन दोनदा तपासल्याशिवाय शेरा लिहायचा नाही, तसं.

"बंद कर," ते म्हणाले.

अल्ताफने टेप बंद केला. बाहेर कुणीतरी स्पेअर पार्टचा खोका ओढत नेत होतं.

"डावा जोडून टाक," रंगराव म्हणाले. "पोरीला दोन्ही ऐकू येतात."

अल्ताफने वाकून वायर जोडली. एवढ्या वेळात त्याने एकदाही वर बघितलं नाही. काम होताच, चहा सांगतो म्हणून तो निघून गेला आणि बराच वेळ आलाच नाही. रंगराव खाली उतरले. शर्मिलाला वाटलं, ते आता पायी चालू लागतील, किंवा तिला काहीतरी तिरकस ऐकवतील. ती ऐकून घ्यायला तयारही होती. पण ते बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आले, अल्ताफच्या रिकाम्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.

"चावी लावलेलीच आहे," ते म्हणाले.

तिच्याकडे लायसन्स होतं, पण या गाडीच्या स्टिअरिंगला तिने आजवर हात लावला नव्हता. कुणालाच परवानगी नव्हती. ती पुढे येऊन बसली. सीट मागे होती, ती ओढून घेतली. आरसा त्यांच्या डोळ्यांना लावलेला होता. तिने तो खाली केला आणि चोरून त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"बाबा, मी सावकाश घेते," ती म्हणाली.

उत्तर आलं नाही. मग त्यांना तिचे ओठ हलल्याचं जाणवलं असावं, कारण ते अख्खे तिच्याकडे वळले. चेहराच नाही, खांद्यासकट. डावा कान पुढे येईपर्यंत.

"पोरीला सोडून पुढे खराडीला जायचं तर सोमवारी तुला किती वाजता निघावं लागेल?"

"साडेसातला."

त्यांनी मनाशी हिशेब केल्यासारखी मान हलवली.

"मग सातला पुसून तयार ठेवतो," ते म्हणाले. "आता क्लच पूर्ण दाब. अर्धवट नाही चालत हिला."