उजवी बाही

ताईनं भावाचं नाव पंडित ठेवलं होतं, ते काही कौतुकानं नव्हे. दुकान ताईचं, म्हणजे वडिलांच्या मागं तिनं सांभाळलेलं. पंडित तिच्या हाताखाली. शर्यतीच्या मोटरसायकलस्वारांचे चामड्याचे अंगभर सूट दुरुस्त करायचे, एवढंच काम. पडलेल्या माणसाचा सूट पोत्यात येई आणि पंधरा दिवसांनी नव्यासारखा होऊन परत जाई. सूट येत, माणसं येत नसत. त्यामुळे पंडितनं आयुष्यभर शर्यत पाहिली ती पडद्यावर आणि चामड्यावर. स्वतः चालवायचं म्हणाल तर त्याच्याकडे एक सायकल होती आणि तिचाही पुढचा ब्रेक लागत नसे.

मतं मात्र भरपूर होती. हल्लीचे स्वार गाडी चालवत नाहीत, गाडीतलं यंत्र त्यांना चालवतं. टायरला दोष देणाऱ्यानं घरी बसावं. शर्यत जिंकतो तो वेगानं नव्हे, ब्रेक उशिरा लावण्याच्या हिमतीनं. ही सगळी मतं तो इंटरनेटवर चाहत्यांच्या एका पानावर ‘तिसरं वळण’ या नावानं लिही. लोक वाचत, वाहवा करत. बाकीचे चाहते नुसते बडबडायचे. हा बडबडताना पुरावा द्यायचा. कुठं घासलं, किती घासलं, कोणत्या कडेनं घासलं, यावरून माणूस कसा पडला ते तो सांगे. ‘चामडं खोटं बोलत नाही’ हे त्याचं वाक्य इतकं गाजलं की लोक ते आपलंच म्हणून वापरायला लागले.

ताईला यातलं एवढंच ठाऊक होतं की भाऊ जेवताना टाइप करतो.

“अरे, आधी अंगातला बनियन सुलटा घाल,” ती म्हणायची, “मग जगाला शिकव.”

आणि बनियन खरोखरच उलटा असायचा.

सात महिन्यांपूर्वी त्या मोसमातला सगळ्यांत मोठा अपघात झाला. तिसऱ्याच वळणावर. ते वळण उजवं. चाळिशी ओलांडलेला उस्ताद पुढं होता, तो घसरून रस्त्यावर आडवा झाला. मागून त्याचाच शिष्य येत होता. त्याला सगळे धाकटा म्हणत. धाकट्याची गाडी उस्तादच्या पायावर गेली. पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि उस्तादची शर्यत कायमची संपली. पाऊस होता, चाकांनी उडवलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसलं नाही. धाकटा म्हणत होता, “मी मुद्दाम गाडी उजवीकडे आडवी केली. हँडल शेवटपर्यंत सोडलं नाही, ओढत बाहेर नेत होतो. नाहीतर त्यांच्या छातीवरून गेली असती.” लोक म्हणत होते, छे, हा घाबरला. गाडी सोडून यानं स्वतः उडी मारली.

आणि धाकट्याचा सूट पंडितच्या दुकानात आला.

सूट आला की ताई तो पहिल्यांदा उलटा करी, आतलं अस्तर ओल्या फडक्यानं पुसून काढी आणि तसाच उलटा हँगरला लावी. ही दुकानाची जुनीच पद्धत. उलट्या सुटाची डावी बाही म्हणजे खरी उजवी, हे पंडितनं दुकानात आलेल्या प्रत्येक कारागिराला कान पिळून शिकवलं होतं. त्या दिवशी तो जेवायला उठला, जाताजाता त्यानं हँगरकडे पाहिलं. डावीकडची बाही कोपराशी अस्तरासकट फाटलेली, डावीकडच्या खुब्याशीही अस्तर विरलेलं. दुसरी बाजू कोरी. बस, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. डबा न उघडताच त्यानं लिहिलं:

‘मी तो सूट या डोळ्यांनी पाहिला आहे. उजव्या वळणावर गाडीला धरून राहिलेल्याची उजवी बाजू घासते. याची डावी घासली आहे. यानं गाडी सोडली आणि स्वतःला बाहेर फेकलं. उस्तादला मरायला टाकून पळालेला माणूस आहे हा. चामडं खोटं बोलत नाही.’

संध्याकाळी फाटलेला तुकडा काढून नवा बसवायला त्यानं सूट सुलटा केला आणि त्याचे हात थांबले. फाटलेली बाही उजवीकडे होती.

त्यानं सूट परत उलटा केला, परत सुलटा केला. तीनदा. बाही काही जागची हलेना.

तोपर्यंत त्याचं लिखाण हजारो लोकांनी वाचलं होतं. कुणी म्हणत होतं, असा अभ्यास कुणाचा नाही. कुणी म्हणत होतं, धाकट्याला आता गाडीला हात लावू देऊ नये. पंडितनं मनाशी घोकलं, उद्या दुरुस्त करू. उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला, संघानं धाकट्याला काढून टाकलं, आणि मग आता बोलून काय उपयोग असं वाटायला लागलं. त्यानं फक्त सूट दुरुस्त केला. पण काय केला! दोन्ही बाह्यांना सारखा रंग, सारखी झिलई. कोणत्या बाहीला हात लावला ते खुद्द ताईला ओळखता आलं नाही. आयुष्यातलं सगळ्यांत सुबक काम त्यानं लपवायला केलं, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

आणि परवा सकाळी दुकान उघडून तासभर झाला असेल, तर दारात धाकटा उभा. काखेत सूट.

पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा लहानखुरा होता. चपला बाहेर काढायच्या की काय, अशा विचारात घुटमळला.

“या, या, चपला राहू द्या,” ताई म्हणाली. “पुन्हा पडलात की काय?”

“पडायला गाडी लागते, ताई,” तो हसून म्हणाला. “संघानं गोदाम रिकामं केलं, तेव्हा हा सूट मला मिळाला. गेल्या आठवड्यात. इथंच दुरुस्त झालाय ना?”

“इथंच. हा काय, यानंच केलाय.”

पंडितच्या हातात सुई होती. ती त्यानं उगीचच पुन्हा ओवायला घेतली.

“मला फक्त एक बघायचं होतं, दादा,” धाकटा त्याच्याजवळ येऊन म्हणाला. “कोणती बाही फाटली होती? तेव्हा संघानं सूट परस्पर नेला, मला बघायलाच मिळाला नाही. मी घरी दोन दिवस शोधतोय. काही म्हणता काही सापडत नाही, इतकं झकास काम केलंय तुम्ही. उस्ताद सांगायचे, तुमच्या दुकानात नवा तुकडा बसवला की अस्तराखाली लाल दोऱ्याची गाठ मारतात. खरं का?”

“वडिलांपासूनची पद्धत आहे,” ताई अभिमानानं म्हणाली. “आपलं काम आपल्याला ओळखता यावं म्हणून.”

“ती गाठ मला उस्तादांना दाखवायचीय.” धाकट्याचा आवाज खाली गेला. “सात महिने ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांच्या घरी वाढलो. दवाखान्यात गेलो तर तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी मला येताना पाहिलंच नव्हतं, ते पालथे होते. कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि तेच धरून बसले. गाडी नसली तरी चालेल मला. पण त्यांना असं वाटतं की मी सोडून पळालो, ते नाही सहन होत.”

पंडितनं सूट टेबलावर पसरला, उलटा केला आणि उजव्या बाहीचं अस्तर कोपरापाशी उसवायला घेतलं. कुठलं उसवायचं हे शोधावं लागलं नाही. सात महिन्यांत असा एक दिवस गेला नव्हता की ती जागा त्याला आठवली नाही. चार टाके निघाले आणि आत लाल गाठ दिसली.

“ही बाही कोणती?” धाकट्यानं श्वास धरून विचारलं.

“उजवी,” पंडित म्हणाला. “नीट बघा हं, सूट उलटा आहे. डावी दिसते, पण उजवी आहे.”

धाकट्यानं गाठीवर बोट ठेवलं, आणि तिथंच उभ्याउभ्या डोळे पुसायला लागला. ताईनं त्याच्यापुढं खुर्ची सरकवली.

“तुमचे फार उपकार झाले, दादा,” तो म्हणाला. “मी म्हणतच होतो. त्या तिसऱ्या वळणवाल्यानं सूट बघितलेलाच नाही. घरी बसून ठोकून दिलं. बघितला असता तर कोण असं लिहील?”

इथं सुटता आलं असतं. मान हलवायची, पाणी द्यायचं, अस्तर शिवून द्यायचं. गाठ जाऊन आपलं काम करील, उस्ताद शिष्याला जवळ घेईल आणि तिसरं वळण कोण हे कुणाला कळायचं कारण नाही. पंडितनं हे सगळं एका क्षणात जमवलंही. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

“हे लिहिणारे लोक असलेच,” ताई म्हणाली. “आमचा पंडितही लिहितो बरं का, शर्यतींवर. जेवण थंड होतं, पण लिहिणं सुटत नाही.”

“हो? काय नावानं लिहिता, दादा?”

ताई हसत होती. पंडितनं कात्री खाली ठेवली.

“त्याच,” तो म्हणाला. “तिसरं वळण. मीच तो.”

ताईचं हसू तोंडावरच राहून गेलं.

“सूट असाच उलटा टांगला होता. घाईत डावं म्हणून गेलो. चूक झाली.”

धाकटा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचारात पडल्यासारखा दिसला, आणि मग अगदी शांतपणे त्यानं विचारलं, “चूक कळली कधी?”

हाच प्रश्न नको होता.

“त्याच दिवशी,” पंडित म्हणाला. “संध्याकाळी.”

“अरे मेल्या,” ताई हळूच म्हणाली आणि आत निघून गेली. तिनं त्याला जन्मभर शिव्या दिल्या होत्या, पण अशी पाठ कधी फिरवली नव्हती.

धाकट्यानं सुटाची घडी घातली. “अस्तर शिवू नका,” तो म्हणाला. “आणि चला माझ्याबरोबर. मी सांगून त्यांना पटणार नाही. तुम्ही सांगा.”

बाहेर त्याची साधी, कामाला जायची मोटरसायकल उभी होती. पंडित मागं बसला.

“घट्ट धरा,” धाकटा म्हणाला.

शाळकरी पोरांनी मागं टाकावं, इतक्या सावकाश तो चालवत होता. तरी चौकात गाडी उजवीकडे कलली तेव्हा पंडितचे डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी त्यानं त्या पोराच्या कमरेला मिठी मारली. ब्रेक उशिरा लावण्याच्या हिमतीवर त्यानं आजवर किती पानं लिहिली असतील, देव जाणे. घासत जाणाऱ्या गाडीचं हँडल हा पोरगा शेवटपर्यंत धरून होता, आणि आपण त्याला घाबरट म्हटलं. पंडितला रस्त्यावरच्या माणसांच्या नजरेला नजर देता येईना.

उस्तादचं घर तळमजल्यावर होतं. धाकटा फाटकापाशीच थांबला. सूट त्यानं पंडितच्या हातात दिला. “माझं तोंड बघून ते दार लावून घेतील. तुम्ही जा.”

वाटेत पंडितनं ठरवलं होतं, की ‘मी सूट शिवणारा’ म्हणून सुरुवात करायची आणि बाकीचं मग हळूहळू सांगायचं. दार उघडलं. कुबडीवर भार देऊन उस्ताद उभा होता. पिकलेली दाढी, एका पायात जाड तळाचा बूट.

“कोण आपण?”

ठरवलेलं सगळं तो विसरला. तोंडून निघालं ते एवढंच, “तिसरं वळण.”

उस्तादनं क्षणभर निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. कुबडी काखेत सरकवून त्यानं आपला मोकळा हात पुढं केला.

“अरे या, या! तुम्ही होय? तुमचं एक अक्षर मी सोडलेलं नाही. सगळे मला काय काय सांगत होते, अंथरुणात पडून कुणावर विश्वास ठेवावा कळेना. एक तुम्ही सूट बघून लिहिलंत. तुमच्यामुळे मला त्या पोराची ओळख पटली. या ना, आत या.”

हात तसाच पुढं होता. पंडितला तो घेता येईना. त्यानं सूट उलगडला, उसवलेलं अस्तर बाजूला केलं आणि लाल गाठ वर येईल अशी ती बाही त्या हातावर ठेवली.