शेवटच्या वळणावरची साइड

गोकुळदासांनी सुर्ल्याच्या खाणीवर वीस वर्षं ट्रक चालवला आणि निवृत्त झाल्यावर घरी, कम्प्युटरला स्टिअरिंग जोडून, शर्यतीची जुनी टूरिंग कार पळवली. दर रविवारच्या ऑनलाइन शर्यतीत डिचोलीचा दत्तप्रसाद त्यांच्या मागे असायचा. शेवटच्या वळणावर तो ब्रेक दाबतच नसे. पुढच्या गोकुळदासांवर गाडी आदळून तो आपला वेग कमी करी. ते ट्रॅकबाहेर मातीत जात आणि हा जिंकून जाई.

"म्हातारो म्हणजे माझो ब्रेक," असं तो सगळ्यांना ऐकवी. गोकुळदासांच्या बाराव्याला जेवायला आला, तेव्हाही त्याने तेच हसत सांगितलं. त्यांची मुलगी गौरवी तेव्हा त्याच्या पानात भात वाढत होती.

दोन महिने सराव करून ती वडिलांच्याच नावाने शर्यतीत उतरली.

"बापाशीच्या जाग्यार बसलंस गो?" हेडफोनमध्ये दत्तप्रसाद म्हणाला. "मगे माझो ब्रेकय आता तूच."

शेवटच्या फेरीत ती पुढे होती. वळण आलं, आरशात त्याची गाडी मोठी होत गेली, आणि अगदी टेकायच्या क्षणी गौरवीने स्टिअरिंग किंचित वळवून त्याला साइड दिली. आदळायला पुढे कुणीच नव्हतं. तो सरळ मातीत गेला.

"साइड कित्याक दिलंस?"

"बाबांनी कधी दिली नाही, म्हणून."

फलकावर सर्वांत वर गोकुळदासांचं नाव आलं. पण गौरवी हेडफोन न काढता, त्याच्या माइकमधून येणारी, मातीत रुतलेल्या चाकांची घरघर थांबेपर्यंत ऐकत राहिली.