मल्लम्मांचे निर्जळी सोमवार

लग्नाला सहा महिने झाले की आपल्याकडे शेजारीपाजारी नव्या नवरीच्या चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे बघायला लागतात. झरी गावच्या ऋतुजाच्या लग्नाला तर पाच वर्षं झाली होती! कुणी वैदू सुचवला, कुणी डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नाही. सासू मल्लम्मा मात्र सुनेला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी महादेवाला साकडं घातलं आणि नातवासाठी सोमवार धरले, तेही निर्जळी.

ऋतुजा परभणीच्या कृषी विद्यापीठात हवामानाच्या नोंदी ठेवते. दर उन्हाळ्यात चढत चाललेला पारा ती स्वतःच्या हाताने लिहायची. अशा उन्हात लेकरू आणायचं नाही, असं तिनं आणि नवरा मल्लेशनं कधीच ठरवून टाकलं होतं. पण घरात सांगणार कोण? दोघं शिकलेली, तरी तोंडाला कुलूप.

मेमधल्या एका सोमवारी मल्लम्मा अंगणात भोवळ येऊन पडल्या. दवाखान्यात सलाईन लागलं आणि ऋतुजाचा धीर सुटला. सासूचे पाय धरून तिनं सगळं सांगितलं.

सासरे भीमाशंकर भडकले. "बहात्तरच्या दुष्काळात काय लेकरं झाली न्हाईत?"

"मीच झाले की," मल्लम्मा पडल्या पडल्या म्हणाल्या. "नवव्या महिन्यात माझी माय दुष्काळी कामावर खडी फोडायली होती. लेकरू पाहिजे का म्हणून तिला कुणी इचारलं? आन् मी तरी हिला कुठं इचारलं? देवालाच इचारत बसले."

इतके दिवस मला उपाशी ठेवलंस, म्हणून त्यांनी सुनेला चार शब्द सुनावलेही. मग हळूच विचारलं, "म्हंजे तुला काई दुखणं न्हाई ना?"

ऋतुजानं 'नाही' म्हणून मान हलवली. मल्लम्मांना एकदम हसू फुटलं. "बरं झालं बाई! पोरगी लय मोठा आजार लपवायलीय, असं वाटायचं मला."

"उद्या आमचं मन बदललं तर, आई?" ऋतुजानं विचारलं.

"तेबी तुमीच ठरवा."

भीमाशंकरांनी बाहेर जाऊन सुनेसाठी चहा आणला.

मंडळी, या तापत्या काळात लेकरू आणावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ते सोपं नाही. पण देवाला साकडं घालण्याआधी सुनेला एकदा विचारा. आणि लेकी-सुनांनो, कुणी विचारायची वाट बघू नका. सांगून टाका!