अंगठ्याखालचा ठिपका

सगळ्यांचे डोळे टीव्हीवर होते, रुख्मिणीचे तेवढे भागवतच्या अंगठ्यावर.

अकरा दिवसांपूर्वी कपाशीवर बोंडअळीचं औषध फवारता फवारता भागवत, तिचा नवरा, बांधावरच कोसळला होता. शेगावच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं: हाताची थरथर पुरती थांबेपर्यंत पंपाला शिवायचं नाही, पुन्हा विष अंगात भिनलं तर वाचवणं आमच्या हातात राहणार नाही. तेव्हापासून चहाचा कप असो की शर्टाची गुंडी, तिची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती.

आज त्याचं मन रमावं म्हणून त्याचा दोस्त, मोबाइल दुरुस्तीवाला अकील, आपलं जुनं गेमचं मशीन घेऊन आला होता. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बुकलत होते. भागवतचा पैलवान मधेच खाली बसायचा, मधेच उगाच उडी मारायचा.

"तुया पैलवानाले पिसवा चावून राह्यल्या का बे?" अकील म्हणाला.

"कंट्रोलर भंगार आणला तुनं."

तिसऱ्यांदा हरल्यावर भागवत गप्प झाला. दवाखान्यातून आल्यापासून तो असाच तासन्‌तास गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्याची तिला थरथरीइतकीच भीती वाटायची. तिनं मांडीवरच्या छकुलीला खाली ठेवलं. "द्या इकडं." कॉलेजात असताना भावाबरोबर ती असले खेळ पुष्कळ खेळली होती. तिनं सेटिंग उघडलं, कंट्रोलरवरच्या, अंगठ्यानं ढकलायच्या दांडीची सेन्सिटिव्हिटी खाली आणली आणि बारीकसारीक हालचाल मोजूच नये असं करून ठेवलं. दांडी मुद्दाम रेटली तरच आता पैलवान हलणार होता.

भागवत जिंकला. लागोपाठ दोनदा. अकरा दिवसांत पहिल्यांदा हसला.

"पाह्यलं? हात थांबला माया. उद्या पहाटीच पंप काढतो."

"काढ. मी पाणी भरू लागतो," अकील म्हणाला.

रुख्मिणीनं त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला. "अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"हात थांबला की फवारा मार म्हणले. थांबला. अळी बोंडात घुसून राह्यली, रुख्मिणी, ते का डॉक्टरले पुसून खाते?" तो उठून पंप पाहायला निघालाही.

"जरा बसा." तिनं सगळी सेटिंगं होती तशी केली आणि दांडी तपासायचा पडदा उघडला. मोठा गोल, मधोमध पांढरा ठिपका. "अंगठा नुसता टेकवा. ढकलू नका."

त्यानं टेकवला. ठिपका थरथरायला लागला, मधमाशी अडकल्यासारखा.

"म्हणलं ना, भंगार आहे."

तिनं कंट्रोलर अकीलच्या हातात दिला. ठिपका मधोमध निवांत उभा राहिला. अकीलनं मान खाली घातली.

"तुमचा खेळ मीच सोपा केला होता," ती म्हणाली. "थरथर मोजूच नको, असं मशीनला सांगून ठेवलं होतं. तुम्ही हसावं म्हणून. चुकलं माझं."

भागवत ओरडेल असं तिला वाटलं. त्यानं कंट्रोलर परत घेतला, एका हातानं दुसरा मनगटाशी घट्ट दाबून धरला आणि अंगठा टेकवला. ठिपका थांबला नाही.

"मी मारतो फवारा," अकील पुटपुटला.

"नाई. मी पडलो तसा तूही पडशीन. तुया घरी कोण बायको आहे असं अडवाले?" भागवत हसला नाही. छकुली कंट्रोलर ओढायला लागली, तसा त्यानं तो रुख्मिणीच्या हातात दिला.

"रोज सकाळी हा ठिपका दाखवशीन?"

"दाखवीन."

"आन्‌ तवरोक अळी थांबन का?"

तिनं कंट्रोलर बाजूला ठेवला. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तो थरथरत होता. त्यानं सोडवून घेतला नाही.