एकेचाळिसावी डिस्क

"आक्का, मिटा ती वही आता. आज तिला सुट्टी," नवी इंजिनियर म्हणाली.

आक्कांनी वही मिटली, पण बोट आतच राहू दिलं.

ऑफिसच्या मेनफ्रेमवरचं, म्हणजे त्या मोठ्या संगणकाला चालवणारं, लिनक्स बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं. बावीस वर्षं ते सुरू होताना आक्का वहीत बघून एकेका डिस्कचा नंबर टाइप करून तिला जागं करत. नंबर अशा गुणगुणत, जणू झोपलेल्या लेकरांच्या केसांतून हात फिरवत चालल्यात. आता वहीतली ती नंबरांची यादी यंत्राच्याच पोटात घातली होती. उठता उठता ते स्वतःच ती वाचणार आणि डिस्क कामाला लावणार. आज हे साधलं, तर उद्यापासून आक्का निवृत्त. नाही तर आणखी सहा महिने. यातलं काय व्हावंसं वाटतंय, ते त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. आक्कांचे ओठ हलत होते, पण यंत्र त्यांच्या चार पावलं पुढेच.

"अरे, जरा दम खा की," त्या पुटपुटल्या.

चाळीस डिस्क उठल्या. एकेचाळिसावीचा पत्ता नाही.

"झालं," इंजिनियरने कपाळाला हात लावला. "उठवा तिला तुमच्या हातानं, आणि राहा सहा महिने. मला तरी सोबत होईल."

आक्कांचा हात कीबोर्डपर्यंत गेला. एका ओळीचं काम. कुणी नावं ठेवली नसती.

हात त्यांनी मांडीवर घेतला.

"थांब जरा. म्हातारी झालीय ती. हाक ऐकते, पण ओ द्यायला वेळ लावते. मी तेवढ्यात पाणी पिऊन येते नेहमी."

"मग या पिऊन."

त्या परतल्या तेव्हा एकेचाळिसावी ओळ पडद्यावर आली होती.

"लबाड कुठली," आक्का तिला म्हणाल्या, आणि वही इंजिनियरच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सवयीने सहालाच जाग आली. पलीकडच्या खोलीत लेक झोपलेली. रोज चार हाकांशिवाय न उठणारी. "आई, उद्या तरी लोळ निवांत. मी गजर लावलाय," असं तिने बजावलं होतं.

गजर वाजला. बंद झाला. मग काहीच नाही.

हाक अगदी ओठांवर आली. आक्कांनी ती गिळली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि पाणी पिऊन येण्याइतका वेळ पडून राहिल्या.

पलीकडे नळ सुरू झाला.